छतावरचे २०० ग्रॅम : रिमोटच्या क्रॉलर गाडीत आधी काय बदलायचं?

बिर्ला नगर (ग्वाल्हेर) : भाचा बेळगावहून दिवाळीच्या सुट्टीत आला तो पिशवीत गाडी घेऊनच. रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. पळण्यासाठी नव्हे, दगडावरून सरपटत चढण्यासाठी केलेली गाडी. मागच्या गल्लीत बांधकामाचा वालुकाश्म पडला होता, त्यावर पोरानं ती चढवायला घेतली आणि पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा उलटी पाडली.

गाडी दिसायला मात्र झकास. छतावर लोखंडी कॅरिअर, त्यावर छोटी जेरीकॅन, दोरी, फावडं, पुढे दिव्यांची पट्टी. "मामा, सगळं अपग्रेड केलंय, तरी पडतेय. आता मोटर बदलावी लागेल," असं त्याचं म्हणणं. वर्षभर साठवलेल्या पैशातले निम्मे सजावटीत गेले होते, उरलेले मोटरीत घालायचे होते. मी कॉमर्सवाला. मला मोटर कळत नाही, पण पैसा कुठल्या खात्यात जातोय ते कळतं. म्हटलं, आधी गाडी तोलून बघू.

हा छंद आता आपल्याकडच्या लहान शहरांतही दिसतो आणि तक्रार सगळीकडे हीच असते. म्हणून आम्ही काय केलं ते आकड्यांसकट देतोय.

फळीचा प्रयोग

एक फळी घ्या, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवा म्हणजे गाडी घसरणार नाही. गाडी फळीवर आडवी उभी करा. फळीची एक बाजू हळूहळू उचला आणि मोबाईलमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपवर नजर ठेवा. वरच्या बाजूची चाकं फळी सोडतात तो कोन लिहून घ्या. खाली उशी ठेवायला विसरू नका.

आमची गाडी ४४ अंशांवर पडली. कॅरिअर आणि त्यावरचा सगळा संसार काढला, वजन केलं, तर तो भरला २०० ग्रॅम. तो काढल्यावर गाडी साडेसेहेचाळीस अंशांपर्यंत टिकली. एक रुपया न घालता अडीच अंश मिळाले.

असं का होतं? गाडीचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलंय असं धरा, तो गुरुत्वमध्य. या बिंदूपासून सरळ खाली सोडलेली रेघ चाकांच्या बाहेर गेली की गाडी पडते. आमच्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर २०० मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून १००. साडेसेहेचाळीस अंशांवर पडते म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९५ मिलिमीटर उंच. (सस्पेंशन एका बाजूला दबतं, त्यामुळे हिशेब थोडा ढोबळ, पण कामापुरता बरोबर.) गाडीचं वजन २४०० ग्रॅम. तिच्यावर २०० मिलिमीटर उंचीला २०० ग्रॅम ठेवले की तो बिंदू १०३ पर्यंत वर सरकतो.

आता उलट बाजूनं बघा. बाजारात पितळी वजनं मिळतात, चाकाच्या आत बसवायची. समजा ३०० ग्रॅम वजन चाकांत घातलं. चाकाची त्रिज्या ५५ मिलिमीटर, म्हणजे वजनाची सरासरी उंची तेवढीच. हिशेब केला तर गुरुत्वमध्य ९५ वरून साधारण ९१ वर येतो आणि कोन वाढतो जेमतेम सव्वा अंश. छतावरचे २०० ग्रॅम जेवढं बिघडवतात, तेवढं खालचे ३०० ग्रॅमही दुरुस्त करत नाहीत. आधी वरचं काढा, मग खाली घाला. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण काढून टाकण्याचं बिल होत नाही.

पुढे किती, मागे किती

दगडावर गाडी आडवी पडते त्यापेक्षा मागे कोलमडते जास्त. पुढचं चाक कपारीवर चढतं, नाक वर होतं आणि गाडी पाठीवर. त्यासाठी वजन पुढच्या धुरीवर जास्त हवं. बरेच खेळाडू ६०-४० चं प्रमाण धरतात.

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. मग उलट. आमच्या गाडीत दोन्हीकडे बाराशे-बाराशे निघाले. बॅटरी मागच्या खणात होती, वजन २५० ग्रॅम. ती २०० मिलिमीटर पुढे आणून मोटरीच्या पुढ्यात वेलक्रोच्या पट्ट्यानं बांधली. पुन्हा काट्यावर ठेवली तर पुढे १३६०, मागे १०४०. पुढच्या-मागच्या धुरींत ३१३ मिलिमीटर अंतर आहे, त्यावरून हिशेब केला तर मागे पडण्याचा कोन साधारण ५९ वरून ६२ अंशांच्या जवळ गेला. खर्च शून्य.

यानंतर पितळ घ्यावं, आणि तेही फक्त पुढच्या चाकांत. तयार पितळी भाग बहुतेक बाहेरून येतात, महागही असतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. तेव्हा परदेशी साईटवर भाग स्वस्त दिसला तरी दारात येईपर्यंत तो स्वस्त राहीलच असं नाही. मागवण्याआधी शुल्कासकट किंमत काढा.

पण पितळेचा कडा करायला परदेश कशाला? बिर्ला नगर वसलं ते जेसी मिलच्या भोवती. जियाजीराव कॉटन मिल्स म्हणजे बिर्लांची कापड गिरणी. १९९० च्या दशकात ती बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशाचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं बातम्यांत राहिला. गिरणी गेली तरी तिथे हात घडलेली माणसं कुठे जाणार? आमच्या शेजारचे काका तिथे टर्नर होते. सत्तरी ओलांडलीय, आता एका छोट्या वर्कशॉपमध्ये अधूनमधून बसतात. भाच्यानं त्यांना चाक उघडून दाखवलं. काकांनी कॅलिपर लावला, रिमच्या आतलं माप घेतलं आणि विचारलं, "खराद पे आधा घंटा लगेगा, पीतल कहाँ है?" भाच्याला खराद कळेना. त्याच्या बेळगावात लेथ म्हणतात.

बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर, आतला ३०, जाडी ८, असा पितळेचा कडा साधारण ३७ ग्रॅम भरतो. एका चाकात दोन बसवले तर ७५. पुढच्या दोन चाकांत मिळून १५०. आमचे कडे भंगारातल्या पितळेच्या तुकड्यातून निघाले. काकांनी पैसे घेतले नाहीत, गाडी एकदा चालवायला मागितली. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोलीत लेथची काही वाण नाही. कागदावर माप काढून नेलं तर तिथेही हे काम होईल. फक्त आपल्या रिमचं माप आधी घ्या. कडा आत घासला तर चाक अडकतं.

पितळच का? ते ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. दुकानात निळ्या-लाल रंगाचे चकचकीत ॲल्युमिनियमचे भाग 'अपग्रेड' म्हणून विकतात. ते मजबूत असतात हे खरं, पण धुरीला जड करायचंय तिथे त्यांचा उपयोग कमी. एवढंही करायचं नसेल तर व्हील अलाइनमेंटवाल्याकडे चिकटवायच्या वजनपट्ट्या मिळतात, ५-१० ग्रॅमचे तुकडे. त्या रिमच्या आतून लावा. शिशाच्या असतील तर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

कडे बसवल्यावर काट्यावर पुढे १५१०, मागे १०४०. शेकडा ५९ पुढे.

टायर

वजनानंतर पहिला खर्च टायरचा. मोटरीचा नव्हे. क्रॉलरचा टायर मऊ रबराचा हवा आणि त्याच्या आत हवा नसते, फोम असतो. फोम फार कडक असला तर टायर दगडाला बिलगत नाही, नुसता टेकतो. फार मऊ असला तर आडव्या उतारावर टायर दुमडतो. त्यामुळे चांगल्या फोममध्ये आत कडक गाभा आणि बाहेर मऊ थर असे दोन भाग असतात. रिम बीडलॉकची घ्या, म्हणजे टायर कड्यानं आणि स्क्रूनं आवळला जातो, गोंद लागत नाही. फोम बदलून बघायचा तर टायर उघडता आला पाहिजे. आतली हवा बाहेर पडायला रिमला किंवा टायरला बारीक भोक हवं, नाहीतर टायर फुग्यासारखा उसळतो.

ग्वाल्हेरचा वालुकाश्म कोरडा असताना पॉलिश पेपरसारखाच. कोकणातला ओला, शेवाळलेला जांभा वेगळा. इथे चालणारा टायर तिथे चालेलच असं नाही, तेव्हा दुसऱ्याचं ऐकून महागडी जोडी घेण्याआधी आपला दगड बघा.

आता मोटर

क्रॉलरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्या सहसा लॉक असतात, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. बदल्यात गाडीला वळायला जागा जास्त लागते. काही गाड्यांत हे लॉक रिमोटवरून सोडता येतं, उदाहरणार्थ २०१७ साली आलेली ट्रॅक्ससची टीआरएक्स-४. तिची धुरी पोर्टल प्रकारची आहे. चाकाजवळच्या गिअरमुळे धुरी जमिनीपासून उंच राहते. खऱ्या उनिमॉग ट्रकमध्ये हीच रचना असते.

साध्या ब्रश मोटरीवर 'टर्न' चा आकडा असतो. ३५ टर्नची वेगात पळते, ५५ टर्नची हळू चालते आणि हळू चालताना जास्त ताब्यात राहते. दगडावर हाच ताबा हवा. आमच्या चाकाचा एक फेरा म्हणजे ३४५ मिलिमीटर. सेकंदाला एक फेरा धरला तर वेग ताशी सव्वा किलोमीटर. दगडावर एवढा वेगही कधीकधी जास्त होतो.

मोटर बदलण्याआधी पिनियन बदला, ते स्वस्त पडतं. मोटरीवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन. समोरचा मोठा गिअर ८७ दात्यांचा आणि पिनियन १५ चा असेल तर प्रमाण ५.८. पिनियन १२ चा लावला तर ७.२५. गाडी पाचव्या हिश्श्यानं हळू होते आणि जोर पाऊणपट नव्हे, सव्वापट मिळतो. बसवताना दोन गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून आवळा, मग पट्टी काढा. तेवढी फट बरोबर असते. लोखंडाला लोखंड लागतं तिथल्या स्क्रूला थ्रेडलॉक लावा, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला नको, प्लास्टिक तडकतं.

'गाडी मधेच मरते'

भाच्याची दुसरी तक्रार ही होती. चाक दगडात अडकलेलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी क्षणभर बंद पडायची, मग आपोआप सुरू. मोटर गेली असं वाटून पुष्कळ लोक इथे पैसे घालतात.

दोष मोटरीचा नसतो. चाकं वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. आमच्या गाडीत २० किलो ताकदीचा नवा सर्व्हो बसवलेला. तो अडकला की भरपूर करंट ओढतो. त्याला वीज देणारा बीईसी नावाचा भाग गाडीच्या स्पीड कंट्रोलरमध्येच असतो आणि त्याची ताकद बेताची. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. उपाय दोन. वेगळा बीईसी लावून सर्व्होला थेट बॅटरीवरून वीज द्यायची, किंवा जास्त ताकदीच्या बीईसीचा कंट्रोलर घ्यायचा. आम्ही पहिला केला. कंट्रोलरमध्ये ड्रॅग ब्रेकची सोय आहे ना तेही बघा. बटण सोडल्यावर गाडी उतारावर जागच्या जागी थांबते ती त्यामुळे.

बॅटरीबद्दल गंमत नको

यात दोन सेलची लिपो बॅटरी असते, ७.४ व्होल्टची. पूर्ण भरल्यावर एका सेलला ४.२ व्होल्ट, त्यापुढे नाही. खाली ३ च्या आत जाऊ देऊ नका, मी तर ३.३ लाच थांबवायला लावतो. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. चार्जर बॅलन्सचा हवा, मोबाईलचा जुगाड नको. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही. चार्जिंग लावून झोपायचं नाही, आणि बॅटरी गादीवर, सोफ्यावर तर नाहीच. फरशीवर, नजरेसमोर. लिपो पेटली तर ती विझवणं सोपं नसतं. पोराच्या बाकी सगळ्या बदलांत मी सल्लागार होतो, या एका बाबतीत मालक.

आणखी एक, जागेबद्दल. ग्वाल्हेरात आलं की पोरांची नजर किल्ल्याच्या खडकाकडे जाते. तो संरक्षित वारसा आहे, उरवाई घाटात तर खडकातच जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. तिथे गाडी नाही. गल्लीतला बांधकामाचा दगडही मालकाला विचारूनच.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा फळी काढली. आडवी गाडी ४७ अंशांना पडली, मागे ६३ ला. त्याच दगडावर काकांनी रिमोट घेतला, कपारीपाशी गाडी थांबवली, चाक सरळ केलं आणि बोटभर बोटभर करत वर नेली. भाच्याची मोटर तीच जुनी आहे. कॅरिअर, जेरीकॅन आणि फावडं आमच्याकडे टीव्हीच्या कपाटावर राहिलंय, पाहुणे आले की उचलून बघतात.