ब्लॅक फॉरेस्टवरची ती लाल चेरी

जळगाव असो की धुळे, वाढदिवसाला ब्लॅक फॉरेस्ट ठरलेलाच. पण त्यावरची लालभडक चेरी बऱ्याचदा चेरी नसतेच. ते असतं पाकात मुरवून रंगवलेलं करवंद!

मूळ केक जर्मनीतला: चॉकलेट स्पंजचे थर, मध्ये फेटलेली क्रीम, आंबट चेरी आणि किर्शवासर, म्हणजे चेरीपासून गाळलेली दारू. तिची चव जाणवलीच पाहिजे, असा तिकडे दंडकच आहे. सगळी मजा त्या आंबट-उग्र चवीत. आपल्याकडे दारू गेली ते ठीक, पण आंबटपणाही गेला आणि उरली नुसती साखर.

म्हणून घरी करताना करवंदच घ्या, पण ताजं. मे महिन्यात मिळतात ती धुवा, बिया काढा, थोड्याच साखरेत शिजवा. रस स्पंजवर शिंपडा, गर थरांमध्ये. ओव्हन नसेल तर कुकर चालतो: तळाला मीठ, शिट्टी-रिंग काढलेली, पाणी अजिबात नाही.

खरी अडचण आपल्या उन्हाची. पारा 44 वर गेला की दुधाची क्रीम बसते. बेकरीवाले वनस्पती तेलाची क्रीम वापरतात ती त्यामुळेच. टिकते, पण टाळूला चिकटते बुवा. तुम्ही किमान 35 टक्के फॅटची क्रीम आणा. 25 टक्केवाली कितीही फेटा, उभी राहत नाही. क्रीम, भांडं, बीटर, तिन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि फेटायचं काम पहाटेच उरका. केक कापेपर्यंत फ्रीजबाहेर काढू नका, फोटोसाठीसुद्धा नाही!