आधी पायऱ्या, मग खोल्या

रेवदंड्यात उतार कुठे?

प्रश्न रास्त आहे. रेवदंडा म्हणजे वाळूवर बसलेलं सपाट गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगीज कोटाची भिंत, सातखणी बुरुज आणि कोटाच्या पायथ्याशी समुद्र. इथे घर बांधणाऱ्याला काळजी असते ती विहिरीचं पाणी मचूळ लागेल की काय याची. जमीन कुठे वर, कुठे खाली हा प्रश्नच येत नाही. पण चौलच्या अंगाने आत गेलं की दत्ताची आणि हिंगळाजची टेकडी लागते, आणि साळावच्या पुलावरून खाडी ओलांडली की कोर्लईचा डोंगर. गावातल्या वाडीच्या वाटण्या होत होत ती पट्टीएवढी उरली, की पुढच्या पिढीच्या वाट्याला टेकडीच्या पायथ्याचा तुकडा येतो. आमच्या वाट्याला तसाच आला. पूर्वेला टेकडी, पश्चिमेला खाली रस्ता आणि मधे तिरकी जमीन.

सपाट जागेवर नकाशा काढताना आपण वरून बघतो: इथे ओटी, तिथे स्वयंपाकघर. उतारावर तसं करायला गेलं की हमखास फसतं. इथे घर आधी बाजूने बघायचं, खरवस सुरीने कापल्यावर कडा दिसते तसं. आर्किटेक्ट त्याला सेक्शन म्हणतात. कोणती जमीन किती वर आणि कोणती किती खाली, हे ठरल्यावरच खोल्यांची नावं लिहायला घ्यावीत.

जमीन मोजणं

मोजणीदार यंत्र लावून समपातळीच्या रेषा काढून देतो आणि त्यासाठी पैसे खर्च करावेतच. पण अंदाज घ्यायला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीचं एक टोक वरच्या खुंटीला, दुसरं खालच्या खुंटीला. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत असतं, मग खुंट्यांवरच्या खुणा जमिनीपासून किती उंच आहेत, त्यांतला फरक मोजायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप वाया जातं, एवढं मात्र बघावं.

आमच्या तुकड्यात पूर्व-पश्चिम २० मीटरमध्ये जमीन ३ मीटर उतरते. म्हणजे मीटरमागे १५ सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर ही नेमकी एका पायरीची उंची. हा योगायोग फार उपयोगी पडला, कारण पुढे घरात कोणीही कोणतीही भिंत सरकवली की तोंडी हिशोब व्हायचा: एक मीटर, एक पायरी.

आडवं की उभं

घर १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरू. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन १.८ मीटर उतरते, म्हणजे बारा पायऱ्या. तेच घर फिरवून लांब बाजू टेकडीला समांतर ठेवली तर फरक ०.९ मीटर, सहा पायऱ्या.

मातीचाही हिशोब करून बघा. अर्धी कापणी आणि अर्धा भराव करून एकच सपाट ओटा करायचा म्हटलं, तर आडव्या घराला सुमारे ८ घनमीटर माती कापावी लागते, म्हणजे जेमतेम तीन ब्रास. उभ्या घराला त्याच्या दुप्पट, पावणेसहा ब्रास. आणि आडव्या घराची जमीन एका सपाटीऐवजी दोन टप्प्यांत घेतली, मागचा पट्टा पुढच्यापेक्षा तीन पायऱ्या वर, तर कापणी आणखी निम्मी होऊन दीड ब्रासवर येते. एवढी माती दोन माणसं फावडं-घमेलं घेऊन हलवतात. जेसीबी बोलवावा लागत नाही. जेसीबी आला की तो हवं त्यापेक्षा जास्त कापतो, हा माझा अनुभव आहे.

कोर्लईचा किल्ला हा याचा भला मोठा धडा आहे. डोंगराच्या धारेवर तो सुमारे ८६० मीटर लांब पसरलाय आणि रुंदी सरासरी फक्त २७ मीटर. बांधणाऱ्यांनी डोंगर सपाट करण्याच्या फंदात न पडता आडव्या भिंती आणि दरवाजे घालून त्याचे टप्पे केले. दीपगृहाच्या बाजूने चढताना एकेका दरवाजातून आपण पुढच्या पातळीवर येतो. लॉरी बेकर यांनीही तिरुवनंतपुरमजवळ खडकाळ चढावर स्वतःचं घर असंच, दगड असतील तिथे ते ठेवून, टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं.

टप्पे आपल्यालाही नवे नाहीत. कोकणातल्या जुन्या घरात अंगणातून पडवीत, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात जाताना दर वेळी पाऊल थोडं वर पडतं, आणि मागच्या पडवीत, न्हाणीत पुन्हा खाली येतं. सगळं घर एका फरशीच्या पातळीत हवं, ही हौस फ्लॅटमधून आलेली आहे.

भरावावर काय ठेवू नये

कापलेली माती पुढच्या बाजूला टाकून जोतं उंच करायचं हा सोपा मार्ग, आणि तिथेच घरं फुटतात. ताजा भराव कितीही धुमसला तरी पहिले दोन-तीन पावसाळे बसत राहतो. मावसभावाच्या घराची मुख्य भिंत मूळ कठीण मुरमावर उभी होती, पडवीचे खांब मात्र ठेकेदाराने भरावातच उभे केले. दुसऱ्या पावसाळ्यात पडवी ओटीपासून सुटली. फट एवढी की तिच्यात पोरांची गोटी अडकायची. घर जागेवर होतं, फक्त पडवी समुद्राकडे निघाली होती.

म्हणून नियम साधा: भिंत असो, पडवीचा खांब असो की पायरी, पाया भराव भेदून मूळ जमिनीपर्यंत न्यायचा. नुसत्या भरावावर अंगण ठेवावं, तुळस ठेवावी, अळू लावावं.

मागून येणारं पाणी

समुद्रकिनारी वाढलेल्या माणसाचं लक्ष कायम समोर, समुद्राकडे. उतारावरच्या घराला खरा धोका पाठीमागून असतो.

या पट्ट्यात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या घरामागे १२ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब एवढीच टेकडी धरली, आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला (जुलैत असा दिवस येतोच), तर ३६ हजार लिटर पाणी तिथे पडतं. जमीन भिजून तुडुंब झाली की त्यातलं बहुतेक खाली घराकडेच येणार. त्यात कौलांच्या मागच्या पाख्याच्या पागोळ्यांची भर पडते.

त्यामुळे कापलेली कड आणि घराची मागची भिंत यांत किमान दीड मीटर मोकळी जागा सोडावी. तिथे दगडी तळाचा चर काढून तो घराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली न्यावा. जागा माणूस उभा राहून फावड्याने गाळ काढू शकेल इतकी हवीच. पाऊण मीटरची बोळ ठेवली तर तिच्यात दोन वर्षांत पाला कुजतो आणि ओल सरळ भिंतीत शिरते. कड धरून ठेवायला भिंत बांधली तर तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवावीत. बिनचुन्याचा दगडी गडगा यात सिमेंटच्या भिंतीपेक्षा शहाणा ठरतो, कारण त्याच्या सांध्यासांध्यातून पाणी झिरपून जातं आणि भिंतीमागे दाब साठत नाही. मात्र कंबरेपेक्षा उंच भिंत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

रायगड जिल्ह्यात हे हलक्यात घेण्यासारखं नाही. महाड तालुक्यात २५ जुलै २००५ ला जुई आणि दासगाव, २२ जुलै २०२१ ला तळिये; १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडी. तिथले डोंगर आमच्या टेकडीपेक्षा कितीतरी उंच, पण भिजलेली माती कातळावरून सुटते ती तशीच. वरच्या अंगाला जमिनीला नव्या भेगा, खोडापासून कललेली झाडं, पूर्वी नव्हता तिथे झरा, किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ, यांतलं काहीही दिसलं तर जागेचा विचार सोडलेला बरा.

चिंचोक्यांचा हिशोब

आता खोल्या. आमच्या पहिल्या नकाशात पुढच्या, खालच्या पट्ट्यावर ओटी आणि मुलांच्या खोल्या होत्या. मागच्या, तीन पायऱ्या वरच्या पट्ट्यावर स्वयंपाकघर, देवघर आणि आईची खोली. कागदावर फार छान दिसायचं. माझ्या काकांनाही पटलं होतं.

आईने काही न बोलता एक दिवस जुन्या घरात दोन वाट्या ठेवल्या, एक स्वयंपाकघरात, एक पडवीत. स्वयंपाकघरातून पडवीत गेली की तिथल्या वाटीत एक चिंचोका. नारळवाला आला, शेजारीण आली, वाळवणावर कावळा बसला, चहा नेऊन दिला. रात्री पडवीतल्या वाटीत त्रेचाळीस चिंचोके निघाले. जाऊन येऊन, तीन पायऱ्यांच्या हिशोबाने, दिवसाला दोनशे अठ्ठावन्न पायऱ्या. वय एकाहत्तर.

नकाशा उलटा झाला. पुढच्या पट्ट्यावर दक्षिणेकडून ४.२ मीटर ओटी, ३.३ स्वयंपाकघर, १.५ न्हाणी-संडास आणि ३ मीटर आईची खोली, अशी बेरीज बरोबर १२. न्हाणीचं एक दार आईच्या खोलीत. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे फोडणीचा ठसका ओटीवर न येता ईशान्येला निघून जातो. दिवसातून एकदोनदाच जायचं ते सगळं तीन पायऱ्या वर: मुलांच्या खोल्या, कपाटं, पाहुण्यांच्या गाद्या. देवघर कुठे, यावर आठवडाभर वाद झाला; ते खालीच राहिलं, ओटी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत.

पायऱ्यांऐवजी घसरण करता येते का, हेही पाहिलं. चाकाच्या खुर्चीला १:१२ चा उतार लागतो. तीन पायऱ्यांच्या ४५ सेंटिमीटरसाठी ५.४ मीटर लांबी झाली. घरात ती मावेना, पण उत्तरेच्या भिंतीला लागून बाहेर मावते. तेवढी पट्टी मोकळी सोडली आहे.

वास्तुशास्त्राप्रमाणे उतार पूर्वेला किंवा उत्तरेला हवा, आमचा पश्चिमेला. त्यावर बोलणारे बरेच भेटले. टेकडी फिरवून देणारा मात्र कोणी भेटला नाही.

समोरून येणारा पाऊस

आडवं घर घेतलं की लांब बाजू पश्चिमेला येते, आणि पश्चिमेकडून झड. याला उत्तर जुनंच: सगळ्या लांबीची किमान दोन मीटर रुंद पडवी, पाखं खालपर्यंत उतरलेलं, आणि मृगाच्या आधी माडाच्या झावळ्यांची झापं बांधायला खांबांना कड्या. समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला काचेची भिंत करायचा मोह शहरातून येतो. चार महिने ती पुसायची आणि आठ महिने दुपारी तिच्यावर पडदा ओढायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातली पत्र्यांची छपरं उडाली, पोफळी आडव्या झाल्या. कौलं काय किंवा पत्रा काय, छप्पर भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडलेलं असावं. उंचावरच्या घराला वाऱ्याची आड नसते.

कागदावर जायच्या आधी

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर कापणी-भराव आणि बांधकामाला मनाई आहे. आमचा उतार १:६.७, म्हणून सुटलो. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा वेगळी तपासावी लागते. शोषखड्डा खालच्या अंगाला, विहीर वरच्या अंगाला, आणि दोघांत १५ मीटर तरी अंतर.

आणखी एक करावं: नकाशा मंजुरीला देण्याआधी एक पावसाळा जागेवर जाऊन बघावा. आम्ही जुलैत, तिसऱ्या दिवशीही पाऊस थांबेना तेव्हा, चुन्याच्या फक्कीऐवजी खुंट्या आणि सुतळीने घर आखलं आणि छत्र्या धरून उभे राहिलो. टेकडीवरून एक वितभर रुंद ओहोळ आला आणि सुतळीखालून नेमका आईच्या खोलीत शिरला. उन्हाळ्यात तिथे गवताशिवाय काही दिसत नव्हतं. खुंट्या उपटून घर दोन मीटर दक्षिणेला सरकवलं. ओहोळाच्या वाटेवर आता केळी आहेत.