वृद्धांचा गृहवास आणि बोलण्याची ठिकाणे : परभणी जिल्ह्यातील महामारीकाळाचा भाषिक विचार

महामारीच्या काळात वृद्ध माणसे घरात एकटी पडली, हे विधान वारंवार केले जाते. परंतु ‘एकटे पडणे’ म्हणजे नेमके काय, ह्याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. एकटेपणाची मोजणी बहुधा माणसांच्या संख्येवरून होते. घरात मुलगा, सून, नातवंडे असतील तर वृद्ध एकटा नाही, नसतील तर तो एकटा, असा हा हिशेब असतो. परभणी जिल्ह्यातील २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांचा अनुभव पाहता हा हिशेब अपुरा ठरतो. टाळेबंदीत पुण्या-मुंबईस गेलेली मुले गावी परतली आणि अनेक घरे भरली. तरीही त्याच घरांतील वृद्धांचे बोलणे आटले. ह्या विसंगतीचा उलगडा करावयाचा तर माणसे न मोजता बोलण्याची ठिकाणे मोजली पाहिजेत. वृद्धांचे एकाकीपण हे सोबतीच्या अभावाचे जितके होते, त्याहून अधिक ते बोलण्याच्या भूमिका गमावण्याचे होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. कालक्रम

जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हिड-१९ ही महामारी असल्याचे ११ मार्च २०२० रोजी घोषित केले. २२ मार्च रोजी जनता संचारबंदी पाळण्यात आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. मराठवाड्यातील खेड्यांत पाडवा हा केवळ सण नसून पंचांग ऐकण्याचा आणि सालगड्याचे साल ठरविण्याचा दिवस होय. म्हणजेच घरातील व गावातील वडीलधाऱ्यांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा तो दिवस आहे. त्याच दिवशी बोलण्याची सारी ठिकाणे एकदम बंद झाली.

१ मे २०२० च्या केंद्रीय आदेशान्वये पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक गरज व औषधोपचार एवढ्यापुरतेच घराबाहेर पडावे, असे ठरले. पुढे इतरांवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, तरी वृद्धांना घरीच राहण्याचा सल्ला कायम होता. साठ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मार्च २०२१ पासून खुले झाले. परंतु लगेचच आलेल्या दुसऱ्या लाटेने पुन्हा दारे लावून घ्यावी लागली. म्हणजे इतरांची टाळेबंदी काही महिन्यांची, तर वृद्धांची वर्षाहूनही अधिक काळाची ठरली. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार होती आणि राज्यात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हेच प्रमाण जिल्ह्यास लावल्यास नऊ तालुक्यांतील पावणेदोन लाखांहून अधिक माणसांचा हा प्रश्न होता, असे दिसते.

२. नव्या संज्ञा आणि जुने अर्थ

ह्या काळात शासकीय मराठीतून काही संज्ञा घरोघर पोचल्या: टाळेबंदी, अलगीकरण, विलगीकरण, सामाजिक अंतर. अलगीकरण हे संशयितांचे आणि विलगीकरण हे बाधितांचे, असा भेद साधारणतः अभिप्रेत होता. परंतु वृत्तपत्रांतच दोहोंची सरमिसळ होत असल्याने तो लोकांपर्यंत पोचला नाही. बोलीत रूढ झाला तो ‘क्वारंटाईन’ हाच शब्द. इटालियन भाषेतील ‘चाळीस’ ह्या संख्येपासून तो आला असून, साथीच्या प्रदेशातून आलेली जहाजे चाळीस दिवस दूर उभी करण्याच्या प्रथेशी त्याचा संबंध आहे. जहाजाच्या बाबतीत अवधी संपला की बंधनही संपत असे. वृद्धांच्या बंधनाला मात्र असा ठरलेला शेवटचा दिवस नव्हता.

‘सामाजिक अंतर’ ही संज्ञा अधिक विचारणीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक’ ऐवजी ‘शारीरिक’ अंतर म्हणण्याकडे कल दर्शविला होता. तथापि मराठीत पहिलीच संज्ञा टिकून राहिली. २०२० मध्ये ऐंशी वर्षांच्या असलेल्या माणसाचा जन्म १९४० च्या सुमाराचा. अस्पृश्यता गुन्हा अधिनियम १९५५ मध्ये आला, तेव्हा तो जाणता झालेला होता. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, शाळेच्या ओसरीवर राखले जाणारे अंतर ज्याने पाहिले किंवा सोसले, त्याच्या कानी ‘अंतर ठेवा’ हे शब्द केवळ आरोग्याचा नियम म्हणून पडणे कठीणच होते.

मराठीत ‘चार हात दूर राहणे’ असा वाक्प्रचार आहे. हात म्हणजे दीड फूट. चार हात म्हणजे सहा फूट. साथीत सांगितलेले अंतर बरोबर एवढेच होते. मापाच्या दृष्टीने हा वाक्प्रचार चपखल असला, तरी त्याचा रूढ अर्थ अविश्वासाचा व तिटकाऱ्याचा आहे. नातवाने चार हात दूर उभे राहावे ते आजोबांच्या काळजीपोटी, असा अर्थ व्यक्त करणारा शब्द भाषेजवळ तयार नव्हता. जी कृती प्रेमाची होती, तिला शब्द मिळाला तो दुराव्याचा.

३. पूर्वीची संकटे आणि निरुपयोगी झालेला अनुभव

वृद्धाच्या बोलण्याला वजन येते ते अनुभवामुळे. परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात कालगणना बहुधा सनांनी होत नाही. ‘रझाकाराच्या वेळी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘भूकंपाच्या साली’ अशी ती होते. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी गाव सोडून राज्याच्या सीमेपलीकडे आश्रय घेतला. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावाच्या कामांवर गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात दूरवर लोक भिंतींच्या धास्तीने अंगणात निजले. त्याआधीच्या पिढ्यांनी प्लेगच्या साथीत गाव मोकळे करून शेतात झोपड्या घातल्याच्या गोष्टी ह्या वृद्धांनी बालपणी ऐकलेल्या होत्या.

ह्या सर्व संकटांत एक समान धागा आहे. प्रत्येक वेळी माणूस घराबाहेर पडला, आणि तो इतरांसमवेत पडला. प्लेगच्या झोपड्यांत गाव विस्कटले तरी शेजार टिकला. खडी केंद्रावर उपासमार होती तरी बोलणे होते. २०२० मध्ये मात्र नेमकी उलट आज्ञा झाली: घरात जा आणि एकेकटे राहा. त्यामुळे ‘आम्ही प्लेगाचं ऐकलं, दुष्काळ पाहिला’ असे म्हणणाऱ्याच्या अनुभवातून ह्या प्रसंगी उपयोगी पडेल असे फारसे काही निघेना. सल्ला देणारा सल्ला ऐकणारा झाला आणि तोही बहुधा मोबाईल पाहणाऱ्या नातवाकडून. भूमिकेचा हा पालट वृद्धांच्या मौनाचे एक प्रमुख कारण मानावा लागेल.

४. बोलण्याची ठिकाणे

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे लक्ष वेधले. माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून केवळ संबंध राखण्यासाठी असते. ‘काय चालू हाय?’, ‘कुठं चाललाव?’ ह्या प्रश्नांना उत्तराची अपेक्षा नसते. विचारणे हेच त्यांचे प्रयोजन. असे बोलणे ठिकाणाशी बांधलेले असते. ठिकाण गेले की ते बोलणेही जाते, कारण मुद्दाम उठून कोणी ते करीत नाही.

खेड्यातील वृद्ध पुरुषाची ठिकाणे म्हणजे मारुतीचा पार, चावडी, मशिदीचा ओटा, विहार, चहाचे हॉटेल, आठवडी बाजार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढण्यासाठी बँकेत मारावयाची खेप. ही खेप व्यवहाराची असली, तरी तिचा निम्मा हेतू भेटीगाठींचा असतो. वृद्ध स्त्रीची ठिकाणे वेगळी: शेजारणीचे अंगण, देऊळ, बाळंतिणीची खोली, आणि चैत्र-वैशाखातील शेवया, कुरडया व पापड. हे उन्हाळी काम अनेक हातांचे असून कोणाचे पीठ कसे भिजले हे सांगण्याचा मान जुन्या बायकांचा असतो. २०२० च्या उन्हाळ्यात हे हात एकत्र आले नाहीत.

येथे भाषेचाच एक पुरावा उद्बोधक आहे. मराठीत घरात बसून राहणाऱ्या पुरुषास ‘घरकोंबडा’, ‘घरबशा’ अशी हिणविणारी नावे आहेत. स्त्रीस मात्र असे नाव सहसा लावले जात नाही. पुरुषाचे घरात राहणे हा भाषेच्या लेखी दोष, तर स्त्रीचे घरात राहणे ही गृहीत धरलेली स्थिती. म्हणून गृहवासात वृद्ध पुरुषास संकोच अधिक जाणवला. उलट वृद्ध स्त्रीचे काय हरपले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

सर्वांत जड गेले ते मृत्यूच्या प्रसंगीचे मौन. ह्या भागात अंत्यविधीस जाणे ह्याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. मातीला जाऊन मृताविषयी चार शब्द बोलणे आणि घरच्यांची समजूत घालणे हे ज्येष्ठांचे कर्तव्य समजले जाते. टाळेबंदीत अंत्यविधीस वीसहून अधिक लोकांना मनाई होती आणि वृद्धांनी जाणे तर सर्वथा धोक्याचे. साठ-सत्तर वर्षांचा सोबती गेला असता त्याच्या दारी जाऊन बसता न येणे, ही गोष्ट केवळ दुःखाची नव्हती. दुःख सांगण्याचा रूढ मार्गच त्यामुळे बंद झाला.

वारीसंबंधीही असेच म्हणता येईल. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. शेगावहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखी ह्याच जिल्ह्यातून जाते. २०२० व २०२१ ह्या दोन्ही वर्षी नेहमीची पायी वारी झाली नाही. ज्यांना पंढरपुरापर्यंत चालवत नाही, ते वृद्ध वाटेवर उभे राहून वारकऱ्यांना पाणी देतात व ख्यालीखुशाली विचारतात. तेही राहिले.

५. घरातील बोलणे

बाहेरचे बोलणे थांबल्यावर उरले ते घरातील. ‘जेवलात का?’, ‘गोळी घेतली का?’, ‘बाहेर जाऊ नका.’ ह्या वाक्यांत काळजी आहे. परंतु त्यांची रचना पाहिली तर ती प्रश्नाची किंवा आज्ञेची आहे आणि त्यांना एका शब्दाचे उत्तर पुरते. पारावर जो हकीकत सांगतो, वाद मिटवितो, साक्ष देतो, तो घरात केवळ ‘होय’ आणि ‘नाही’ म्हणतो. भरल्या घरात बोलणे आटले ते ह्यामुळे.

त्यात मुखपट्टीची भर पडली. शेतकरी वृद्धांनी तिला ‘मुसके’ म्हणावे हे स्वाभाविकच. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसके. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ, थ ह्यांसारखी व्यंजने निसटतात. ती उणीव ऐकणारा ओठांच्या हालचालीवरून भरून काढीत असतो. कापडाने नेमके हेच ध्वनी दबले आणि ओठही झाकले. दवाखान्यात डॉक्टरांचे बोलणे न समजताही मान डोलावणारा वृद्ध मंदबुद्धी नव्हता. त्याचा एक आधार काढून घेतला गेला होता.

६. वृद्धांनी काढलेले मार्ग

तथापि वृद्ध केवळ सोशीत राहिले, असे चित्र खरे नव्हे. समोरासमोरच्या ओट्यांवर बसून रस्त्यापलीकडे मोठ्याने बोलणे, माळवदावरून शेजारच्या माळवदाशी बोलणे, ठरलेल्या वेळी लेकीस दूरध्वनी करणे, हरिपाठ घरीच म्हणणे हे मार्ग त्यांनी स्वीकारले. २५ एप्रिल ते २४ मे २०२० ह्या रमजानच्या महिन्यात तरावीहची नमाज घरोघर पढली गेली आणि अनेक घरांत ती सांगण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे आले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखविण्यात आली. ती पाहताना पुढे काय घडणार आणि का, हे नातवंडांना सांगण्याचे निमित्त वृद्धांस मिळाले. शाळा बंद असल्याने श्रोते घरातच होते.

ह्या मार्गांत एक सूत्र आढळते. जेथे वृद्धास सांगणाऱ्याची भूमिका परत मिळाली, तेथे गृहवास सुसह्य झाला. जेथे तो केवळ विचारपूस करून घेणारा राहिला, तेथे दूरध्वनीही त्यास पुरला नाही. लेक दररोज ‘बरं हाय का?’ विचारते आणि तो ‘बरं हाय’ म्हणतो, ह्यात संपर्क आहे, संभाषण नाही. तीच लेक ‘बहात्तर साली आपल्या विहिरीला किती पाणी होतं?’ असे विचारते, तेव्हा त्याचे उत्तर लवकर संपत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली व्यवहाराची. पुढील कोणत्याही साथीत वृद्धांसाठीच्या सूचना त्यांच्या परिचयाच्या शब्दांत असाव्यात, अंतराची संज्ञा जुन्या जखमांना स्पर्श करणारी नसावी, आणि औषध व शिधा ह्यांबरोबर बोलण्याची सोय हीही गरज म्हणून गणली जावी. त्यासाठी खर्च लागत नाही. वृद्धास काय हवे एवढेच न विचारता त्यास काय ठाऊक आहे, हेही विचारावे लागते.

दुसरी अभ्यासाची. निजामी राजवटीत बालपण गेलेली, त्या काळच्या उर्दू शाळांच्या आणि कारभाराच्या शब्दांनी जिची मराठी घडली, ती पिढी आता फार थोडी उरली आहे. महामारीने त्यातील कित्येक माणसे नेली आणि जी राहिली त्यांचे बोलणे दोन वर्षे खुंटविले. त्यांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण व शब्दसंग्रह हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याच गावापासून हाती घेण्यासारखे आहे. त्यातून भाषाशास्त्राला सामग्री मिळेल. आणि जो सांगतो आहे त्यास, आपले सांगणे कोणीतरी लिहून घेत आहे, ह्याचे समाधानही मिळेल.