इम्पीरियल खोऱ्यातले सिंग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालंधर-होशियारपूरकडचे शेतकरी कॅलिफोर्नियात मजुरीला गेले. चार पैसे गाठीला बांधून परतायचं, हा बेत. पण हिंदुस्थानी माणसासाठी आधीच आक्रसत आलेलं अमेरिकेचं दार १९१७ च्या कायद्यानं पुरतं बंद झालं. गावाकडची बायको आणता येईना, आणि स्वतः गेलं तर पुन्हा आत घेतील याची खात्री नाही.

गोऱ्या बाईशी लग्न करायला राज्याच्या कायद्याची आडकाठी होती. परवाना देणारा कारकून दोघांचा रंग न्याहाळायचा. सारखा वाटला तर कागद मिळायचा. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीतून आलेल्या मुली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्यात कापूस वेचायला येत. १९१६ च्या सुमारास तिथे पहिली लग्नं लागली. मग एका बहिणीमागून दुसरी, नवऱ्याच्या भागीदाराच्या घरी. कॅरन लिओनार्ड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पुढे या कुटुंबांचा इतिहास चिकाटीनं लिहिला.

पंजाब्यांनी ही लग्नं जमिनीसाठी केली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या थिंड निकालानं त्यांना नागरिकत्व नाकारलं, जमीन मालकीची करणं बंद झालं, हे खरं. पण लग्नं त्याआधीच सुरू झाली होती, आणि नागरिकत्वाला अपात्र माणसाशी लग्न केलं की बायकोचा दर्जाही तोच ठरे. त्यांच्या नावावर तरी जमीन कशी होणार? उपयोग झाला तो अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावाचा.

घर चालायचं आईच्या वळणानं. पोरं स्पॅनिश बोलायची, चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, आणि धर्मपिता म्हणून बापाचाच कुणी पंजाबी दोस्त उभा राहायचा. चुलीवर मात्र दोघांचंही चालायचं: नवऱ्यानं शिकवलेला कोंबडीचा रस्सा, रोटी, शेजारी मिरचीचा साल्सा. उत्तर कॅलिफोर्नियात युबा सिटीतल्या अशाच एका कुटुंबाच्या हॉटेलात केसादिया हा मेक्सिकन पदार्थ रोटीचा मिळायचा. मरणात मात्र वाटा फुटत. शिखांना अग्नी दिला जाई, बायका कॅथलिक दफनभूमीत जात.

१९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला, १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर पंजाबातून कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. त्यांनी या जुन्या घरांना आपलं मानायला खळखळ केली. वास्तविक ही मुलं स्वतःला अभिमानानं ‘हिंदू’ म्हणवत, कारण अमेरिकेत तेव्हा हिंदुस्थानी माणसाला, मग तो शीख असो की मुसलमान, तोच शब्द होता. ज्यांच्या बापांनी शेतं उभी केली, स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ मध्ये स्थापला, त्यांनाच तिथे परकं वाटावं, हा मला गोऱ्यांच्या कायद्याइतकाच मोठा अन्याय वाटतो.