कोल्ह्यांचा संघ आणि त्याचे मॅनेजर

क्रिकेटचा सामना जिंकला की आपण कोणाचं नाव घेतो? कप्तानाचं! पण इंग्लंडमध्ये फुटबॉलचा संघ जिंकला, की कप्तानाच्याही आधी आणखी एका माणसाचं नाव निघतं. हा माणूस मैदानात उतरत नाही, चेंडूला पाय लावत नाही. नव्वद मिनिटं रेषेबाहेर उभा राहून हातवारे करत असतो. त्याला म्हणतात मॅनेजर. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, सराव कसा घ्यायचा, हे सारं तो ठरवतो. संघ जिंकला तर त्याचा जयजयकार, आणि हरत राहिला तर सर्वांत आधी त्याच्याच हातात नारळ!

आज अशाच एका संघाची आणि त्याच्या मॅनेजरांची गोष्ट वाचू या. संघाचं नाव लेस्टर सिटी.

पास आणि नापास

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातलं शहर. तिथला हा क्लब १८८४ साली सुरू झाला. निळा गणवेश आणि बिल्ल्यावर कोल्ह्याचं तोंड, म्हणून या संघाला लाडाने ‘फॉक्सेस’ म्हणजे कोल्हे म्हणतात.

इंग्लंडमधल्या क्लबांचे शाळेसारखे वर्ग असतात बरं का! सर्वांत वरचा वर्ग म्हणजे प्रीमियर लीग. त्यात २० संघ. प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे एकूण ३८ सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. मोसम संपला की तळाचे ३ संघ नापास होऊन खालच्या वर्गात जातात आणि खालचे ३ संघ वर येतात. हे पास-नापास लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल.

वर आणि खाली

डिसेंबर १९९५ मध्ये मार्टिन ओनील मॅनेजर झाले तेव्हा लेस्टर खालच्या वर्गात होतं. ओनील यांनी १९९६ साली संघाला वर आणलं. १९९७ आणि २००० साली लीग कप जिंकला. मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांना हा छोटा संघ भारी पडू लागला. पण २००० साली ओनील स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडे गेले आणि घडी विस्कटली.

२००२ साली लेस्टर नापास झालं. त्याच वर्षी नवं मैदान बांधून झालं आणि क्लब कर्जात बुडाला. गॅरी लिनेकर या लेस्टरच्याच जुन्या खेळाडूने लोक गोळा केले, पैसे उभे केले आणि क्लब कसाबसा वाचवला. पुढे मॅनेजर येत राहिले, जात राहिले. २००७-०८ च्या एकाच मोसमात तीन मॅनेजर झाले! वर्षात तीनदा गुरुजी बदलले तर वर्गाचं काय होईल, सांगा बरं? तेच झालं. लेस्टर इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या वर्गात जाऊन पडलं.

पायाचे दगड

मग आले नायजेल पियर्सन. माणूस कडक शिस्तीचा. त्यांनी २००९ साली संघाला तिसऱ्यातून दुसऱ्या वर्गात आणलं. मध्ये दीड वर्ष ते दुसऱ्या क्लबकडे होते, पण २०११ च्या नोव्हेंबरात परत आले. तोवर क्लब थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा या उद्योगपतीने घेतला होता.

पियर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नजर मोठी पारखी होती. जेमी वार्डी नावाचा एक पोरगा. सोळाव्या वर्षी ‘तू फारच लहानखुरा आहेस’ असं सांगून एका क्लबने त्याला घरी पाठवलं होतं. तो कारखान्यात काम करायचा आणि छोट्या संघांकडून खेळायचा. २०१२ साली त्याला लेस्टरने घेतलं. रियाद महरेझ नावाचा एक काटकुळा खेळाडू फ्रान्सच्या दुसऱ्या वर्गात खेळत होता. लेस्टरचा माणूस खरं तर दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेला होता, पण नजर महरेझवर खिळली! २०१४ च्या जानेवारीत तोही संघात आला.

पण त्याआधी, मे २०१३ मध्ये, काय झालं पाहा. वर जाण्यासाठीच्या निर्णायक सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, लेस्टरला पेनल्टी मिळाली. गोल झाला की संघ अंतिम सामन्यात! पण वॉटफर्डच्या गोलरक्षकाने चेंडू अडवला, पुन्हा मारलेला चेंडूही अडवला. वॉटफर्डचे खेळाडू तोच चेंडू घेऊन धावत सुटले आणि काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला गोल! लेस्टरचे खेळाडू मैदानातच मटकन बसले.

दुसऱ्या कुठल्या क्लबने कदाचित त्याच आठवड्यात मॅनेजरला नारळ दिला असता. लेस्टरने पियर्सन यांना ठेवलं. पुढच्याच मोसमात संघ १०२ गुण मिळवून पहिला आला आणि प्रीमियर लीगमध्ये पोचला.

तिथलं पहिलं वर्ष कठीण गेलं. २०१४ च्या नाताळात लेस्टर विसावं होतं, म्हणजे सर्वांत शेवटी. तेव्हाही पियर्सन यांना काढलं नाही. शेवटच्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकून संघ चौदावा आला. बुडता बुडता वाचला! पण जून २०१५ मध्ये मालकांशी मतभेद झाले आणि पियर्सन यांना जावं लागलं.

पिझ्झावाले काका

नवे मॅनेजर होते इटलीचे क्लॉडिओ रानिएरी. वय ६३, हसतमुख. लोकांनी नाकं मुरडली, कारण याआधी ग्रीस देशाचा संघ त्यांच्या हाताखाली चिमुकल्या फेरो बेटांकडून हरला होता. लेस्टर विजेता होईल यावर पैज लावणाऱ्याला तिथले पैजवाले एकाला पाच हजार द्यायला तयार होते. म्हणजे त्यांच्या मते ही अशक्यच गोष्ट होती.

रानिएरी यांनी एक शहाणपणा केला. आल्या आल्या सगळं मोडून नवं मांडलं नाही. पियर्सन यांचे सहायक क्रेग शेक्सपियर (नाटककार नव्हेत हं!) यांना तिथेच ठेवलं. गोलरक्षक श्मायकल, कप्तान वेस मॉर्गन, महरेझ, वार्डी, सारे जुनेच. फ्रान्सहून एनगोलो कांटे हा बुटका, न दमणारा खेळाडू नव्याने आला. सुरुवातीला रानिएरी एवढंच म्हणत, की ४० गुण मिळवू या, म्हणजे नापास व्हायची भीती नाही.

संघ गोल करत होता, पण खातही होता. म्हणून त्यांनी खेळाडूंना सांगितलं, ‘एकही गोल न खाता सामना जिंकलात, तर माझ्याकडून पिझ्झा!’ दहाव्या सामन्यात ते जमलं. रानिएरी सगळ्यांना घेऊन गेले खरे, पण पिझ्झा खेळाडूंनाच करायला लावला. कणीक थापा, भाजा आणि मग खा! कष्टाशिवाय काही नाही.

वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल करण्याचा विक्रम केला. २०१५ च्या नाताळात लेस्टर पहिलं होतं. बरोबर एका वर्षात शेवटून पहिलं! २ मे २०१६ च्या रात्री टॉटनहॅमला चेल्सीविरुद्ध जिंकणं भाग होतं. ते २-० ने पुढे होते, पण चेल्सीने २-२ बरोबरी केली. वार्डीच्या घरी टीव्हीसमोर जमलेल्या लेस्टरच्या खेळाडूंनी घर डोक्यावर घेतलं. १३२ वर्षांच्या इतिहासात लेस्टर पहिल्यांदाच इंग्लंडचं विजेतं झालं होतं!

नारळ

आता गोष्टीतला कडू भाग. पुढच्या मोसमात कांटे दुसऱ्या क्लबकडे गेला, संघ हरू लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेस्टर नापासांपेक्षा फक्त एका गुणाने वर होतं. आणि २३ फेब्रुवारीला रानिएरी यांना काढून टाकलं. विजेतेपदाला जेमतेम नऊ महिने झाले होते.

लोक हळहळले. रानिएरी ६५ वर्षांचे होते, म्हणून पुढच्या सामन्यात ६५ व्या मिनिटाला प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे लावून त्यांना मानवंदना दिली. पण गंमत पाहा, त्याच सामन्यात शेक्सपियर यांच्या हाताखाली लेस्टरने लिव्हरपूलला ३-१ हरवलं. पुढे संघ बारावा आला, वाचला. मग मालकांचं चुकलं की बरोबर होतं? इंग्लंडमधली मोठी माणसंही यावर भांडली.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेक्सपियर यांनाही आठ महिन्यांत जावं लागलं. २७ ऑक्टोबर २०१८ ला मैदानाजवळ हेलिकॉप्टर कोसळून मालक विचाई आणि आणखी चार जण गेले. सारं शहर रडलं. मे २०२१ मध्ये मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांच्या संघाने एफ. ए. कप प्रथमच जिंकला. त्याआधी चार अंतिम सामने हरले होते! २०२३ साली रॉजर्सही गेले आणि संघ नापास झाला. २०२४ साली एन्झो मारेस्का यांनी वर आणला आणि लगेच तेही चेल्सीकडे गेले. २०२५ साली संघ पुन्हा खाली. त्याच वर्षी ५०० सामने आणि २०० गोल करून वार्डीने लेस्टरचा निरोप घेतला.

तुम्हीच सांगा

आमच्या शाळेत पहिलीच्या बाई मुलांचा हात धरून मुळाक्षरं गिरवून घेतात. पुढे तोच मुलगा शिष्यवृत्ती मिळवतो, तेव्हा फोटो मात्र वरच्या वर्गाच्या गुरुजींबरोबर निघतो. गुरुजींचे कष्ट खोटे नसतात, पण बाईंचेही खरेच असतात ना? २०१६ च्या करंडकाबरोबर फोटो रानिएरी यांचा आहे. तो त्यांनी कमावलेलाही आहे. पण त्या फोटोत न दिसणारे पियर्सन आहेत. पेनल्टी हुकल्यावर आणि संघ तळाला असताना त्यांना मिळालेला धीरही आहे.

आता आज रात्री जेवताना आईबाबांना हा प्रश्न विचारा: तुम्ही क्लबचे मालक असता, तर रानिएरी यांना काढलं असतं का? उत्तर काहीही द्या, फक्त ‘का’ ते सांगायला विसरू नका!