मेलेल्या लाकडाचे मोजमाप

रानात वठलेले झाड दिसले की आपला हात आधी कुऱ्हाडीकडे जातो. चुलीला सरपण हवे, हे खरेच. पण त्या लाकडात आणखीही बिऱ्हाडे असतात. अळंबी त्यावर वाढते. भुंगेऱ्यांच्या अळ्या ते पोखरतात. अळ्यांसाठी सुतार पक्षी चोच मारतो, आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, पिंगळे संसार थाटतात. फिनलंडच्या जंगलांत सुमारे ४,००० ते ५,००० जाती मेलेल्या लाकडावर विसंबून आहेत. दर चार-पाच जातींमागे एक!

मग न्यावे किती, ठेवावे किती? आधी आहे किती, ते मोजू या. सगळे रान पालथे घालायला नको. न्यूझीलंडमध्ये १९६४ साली वॉरन आणि ऑल्सेन यांनी सोपी रीत मांडली, ती पुढे सुधारली गेली. १०० मीटर सुतळी सरळ ताणा. ती ज्या पडलेल्या ओंडक्यांवरून जाईल, त्यांचा तेथला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यासांच्या वर्गांची बेरीज १.२३ ने गुणून १०० ने भागा. समजा, १०, २० आणि ३० सेंटिमीटरचे तीन ओंडके लागले. वर्गांची बेरीज १,४००; म्हणजे हेक्टरी सुमारे १७ घनमीटर लाकूड. एका सुतळीवर मात्र भरवसा नको. निरनिराळ्या दिशांना अनेक ताणा. उभी वठलेली झाडे वेगळी मोजा.

आपल्या अनेक देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक आहे. गुरुजी, वडीलधाऱ्यांना विचारून मुलांसह एकदा देवराईत आणि एकदा गावच्या रानात सुतळी ताणा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मोळी किती मोठी बांधावी, याचा विचार मग मुलेच घरी बोलून दाखवतील.