पोलीस ठाण्याचे न दिसणारे बळ

सामाजिक भांडवल म्हणजे माणसांमधल्या ओळखी, विश्वास आणि देवाणघेवाण यांतून उभी राहणारी ताकद. पोलीस ठाण्याच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही, पण तपास बहुधा तिच्यावरच चालतो. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या गावांत तिचा मुख्य दुवा पोलीस पाटील. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार तो नेमला जातो, मानधनावर काम करतो आणि गावातली खबर ठाण्यापर्यंत पोहोचवतो. गावांचा बीट (भाग) सांभाळणाऱ्या बीट अंमलदाराची बदली होते, पाटील मात्र गावातच राहतो. नव्या अंमलदाराला गाव त्याच्याच तोंडून कळते.

या भागात विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जाणे नेहमीचे. तांब्यासाठी केबल कुठे जाळली, भंगार कोणी घेतले, हे आधी गावाला कळते; ठाण्याला कळेल की नाही, ते विश्वासावर ठरते. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका फोनवर गावभर एकाच वेळी संदेश जातो. पण धावून जायला माणसे लागतातच.

15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने, गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवणाऱ्या गावांना बक्षीस देऊन, याच बळाला बक्षिसाची जोड दिली. तंटे असे गावातच मिटवण्यातला धोकाही खरा आहे. एकोपा फार घट्ट असला, की स्त्रियांच्या आणि दलितांच्या तक्रारी ‘गावातच मिटवा’ म्हणून दाबल्या जाऊ शकतात. अशा गावात गुन्ह्यांचा आकडा घटतो, गुन्हे घटतातच असे नाही.